काढलेल्यांची यादी

आमच्या लोकरीच्या दुकानात तिला सगळे भागूबाई म्हणतात. नाव मीच ठेवलं. भित्री भागूबाई. लिफ्टनं जाणार नाही, जिन्यात कुत्रं बसलेलं असलं तर जिन्यानंही जाणार नाही. घरातून निघताना गॅस तीनदा बघते आणि अर्ध्या वाटेवरून नवऱ्याला फोन करून चौथ्यांदा बघायला लावते. तो बिचारा आता जागचा न हलताच "बंद आहे" म्हणतो. तेही तिला कळलंय, म्हणून ती त्याला शपथ घालते.

मी मागच्या खोलीत पार्सलं बांधते. ती माझ्यासमोर कॉम्प्युटरवर बसून गिऱ्हाइकांना ईमेल पाठवते. नवे रंग आले, विणकामाचा नवा नमुना आला, असलं काहीतरी. सहा हजार माणसं एका यादीत. पाठवायचं बटण दाबताना ती डोळे मिटून घेते. खोटं नाही सांगत, मी रोज बघते.

मग तो माहितीचा कायदा आला. विचारल्याशिवाय कोणाला जाहिरातीचा ईमेल धाडायचा नाही, जुन्या गिऱ्हाइकांचीसुद्धा नव्यानं परवानगी घ्यायची. माझी काय काय माहिती ठेवलीय असं कोणी विचारलं तर तीस दिवसांत सांगायचं, पुसा म्हणालं तर पुसायचं. आणि प्रत्येक ईमेलखाली पाठवणाऱ्याचं नाव आणि फोन नंबर हवा. दंडाचा आकडा वाचून मालकांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी कागद भागूबाईच्या टेबलावर आपटला. "घ्या, आता तुम्ही आणि तुमचा कायदा. नावही तुमचंच टाका." दुकानाचा फोन सदानकदा कोणीतरी अडवून बसलेलं असतं, म्हणून तिनं खाली स्वतःचा मोबाइल नंबर टाकला.

आठवडाभर ती तो कागद डब्याशेजारी ठेवून वाचत होती. घास हातात तसाच. शेवटी परवानगी मागणारं पत्र तयार झालं: आपण आमच्या ग्राहक आहात, यापुढे आम्ही आपल्याला ईमेल पाठवावेत का? यादी घेतली, डोळे मिटले आणि पुन्हा उघडले.

"काढलेल्यांचं काय गं?" ती म्हणाली.

ज्यांनी 'आमचं नाव काढा' म्हणून कळवलेलं असतं, त्यांची आमच्याकडे वेगळी यादी होती. चुकून पुन्हा जाऊ नये म्हणून ठेवलेली.

"त्यांचीही माहिती आपल्याकडे आहेच की. त्यांना विचारलं नाही आणि कोणी तक्रार केली तर?"

"पाठव गं बाई एकदाचं," मी म्हणाले. "कोण वाचतंय?"

हे मी म्हणाले. मीच. तिनं पाठवलं.

आठ दिवसांनी एक उत्तर आलं. मी चिकटपट्टी फाडत होते, तेवढ्यात तिचा आवाज आला, "इकडे ये." आवाज असा की मी पार्सल तसंच टाकून गेले. ईमेलमध्ये लिहिलं होतं: मी आपली ग्राहक आहे. माझी सर्व माहिती कायद्यानुसार कळवावी, सध्याचा पत्ता आणि फोन नंबर यांसह.

"स्वतःचा पत्ता कोण विचारतं?" भागूबाई म्हणाली.

आम्ही दोघींनी एकदमच पाठवणारीचं नाव वाचलं. ही निळ्या लोकरीवाली. कायम एकच निळा रंग मागवणारी, मुलीच्या स्वेटरसाठी. नऊ महिन्यांपूर्वी तिचा फोन आला होता: जुना ईमेल काढून टाका, त्याच्यावर चुकूनही काही पाठवू नका, घराचा नवीन पत्ता आणि फोन नंबर लिहून घ्या. बोलताना मध्येच गप्प व्हायची, कोणी येतंय का बघितल्यासारखी. भागूबाईनं तेव्हा घाईघाईनं जुना ईमेल काढला होता. काढून टाकला होता काढलेल्यांच्या यादीत.

आणि आता त्याच जुन्या ईमेलवरून हे आलं होतं. तो तिच्या नवऱ्याच्या हातात होता, हे सांगायला ज्योतिषी नको. बायको अजून लोकर विकत घेते, आणि कुठून घेते, हे त्याला आम्ही कळवलं होतं. तेही परवानगी मागत.

मालक म्हणाले, "पाठवा आत्ताच्या आत्ता. दंड झाला तर दुकानाला कुलूप लागेल." भागूबाईनं कायद्याचा कागद पुढे ओढला. म्हणाली, "आधी ओळख पटवायची, असंही लिहिलंय त्यात." आणि तिनं स्वतःच्या मोबाइलवरून त्या बाईच्या नव्या नंबरवर फोन लावला.

स्पीकर लावून तिनं ईमेलचं सगळं सांगितलं. मग, "त्याला कळलं?" मागे लहान मुलीचं गाणं चालू होतं.

"माझ्या हातून झालं हो," भागूबाई म्हणाली आणि रडायला लागली.

"रडू नका. पुसून टाका माझं सगळं. नाव, पत्ता, हा नंबरसुद्धा."

तिनं पुसलं. एकेक ओळ, माझ्यादेखत. पार्सलांची वहीसुद्धा फाडून बारीक तुकडे केले. मग मालकांच्या सहीनं त्या ईमेलला उत्तर गेलं: आपली कोणतीही माहिती आमच्याकडे नाही. शब्दन्‌शब्द खरं होतं ते.

चौथ्या दिवशी तो आला. मी म्हटलं असेल कोणी दांडगा, लाल डोळ्यांचा. कसलं काय! इस्त्रीचा शर्ट, हातात आमच्याच पत्राची छापील प्रत, आवाज मऊ. "बायको रागावून गेलीय हो. मुलीची फार आठवण येते. लोकर कुठं पाठवता, एवढंच सांगा." मालकांनी त्याच्यासमोर कॉम्प्युटर उघडून दाखवला. नाव टाकलं, काही आलं नाही.

तो वळला आणि आमच्याकडे बघत राहिला. "कॉम्प्युटर विसरतो. माणसांना आठवतं ना पण?"

मला आठवत होतं. दर महिन्याला मीच तो पत्ता चिकटवायचे, गल्ली, मजला, दाराचा नंबर, सगळं. एरवी मी कोणाच्या बापाला ऐकत नाही, पण माझी दातखीळ बसली. मला वाटलं, तोंड उघडलं तर पत्ताच बाहेर पडेल.

भागूबाई उभी राहिली. टेबलाला धरून. "मी विसरभोळी आहे हो," ती म्हणाली. "मला घरचा गॅस बंद केलेला आठवत नाही."

तो हसला. कागदाच्या तळाशी बोट ठेवून त्यानं तिचं नाव वाचलं, पूर्ण, आडनावासकट. मग नंबर वाचला, एकेक आकडा सावकाश. "हा तुमचाच ना?" कागदाची नीट घडी घालून तो निघून गेला.

त्याला आता दोन महिने झाले. रोज सहाच्या सुमाराला, आम्ही निघायच्या वेळी, तिचा मोबाइल वाजतो. दर वेळी वेगळा नंबर. पलीकडून कोणी बोलत नाही, नुसता श्वास. पोलिसांनी तक्रार लिहून घेतली आणि विचारलं, "धमकी देतो का? मग?" तिचा नवरा आता न्यायला येतो, आणि गॅस खरोखर बघून येतो.

काल मी चिडलेच. "नंबर बदल की गं! कशाला जीव टांगणीला लावून घेतेस?"

"तिच्याकडे हाच आहे," ती म्हणाली.

"कोणाकडे?"

"निळ्या लोकरीवालीकडे. तिचं आपल्याकडे काही राहिलं नाही, मी सगळं पुसलं. उद्या तिच्यावर वेळ आली आणि तिनं फोन लावला तर?"

 तेवढ्यात फोन वाजला. अनोळखी नंबर. भागूबाईनं डोळे मिटले, बटण दाबलं आणि फोन कानाला लावला. "हॅलो? बोला, मी आहे."  बराच वेळ ती ऐकत राहिली.

"ती नव्हती," ती म्हणाली, आणि फोन पुन्हा समोर टेबलावर ठेवला.