बंद न केलेली सीडी

सलीम गेल्याचा फोन त्याच्या मुलानं केला, तेव्हा माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते हे, "अरे, पण त्यानं ती सीडी बंद केली का?" बापाची मयत घरात असताना त्याचा जन्माचा दोस्त हे विचारतो! पण मी तरी काय करू? त्या माणसानं मला शेवटपर्यंत वैताग आणला. आता दोन महिने होत आले, तरी राग काही उतरत नाही.

मूल गावात त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. कॅसेट गेल्या, सीडी आल्या, त्याही गेल्या, लोक पेन ड्राइव्ह खिशात घालून फिरू लागले, तेव्हा कुठं या गृहस्थाला सीडीचं वेड लागलं. नागपूरहून त्यानं सीडी भरायची एक जुनी मशीन आणली आणि ऑडिओ सीडीचे सगळे नियम पाठ केले. चहा प्यायला म्हणून दुकानात जावं, तर ऐकून घ्यावं लागे. आवाजाचे सेकंदाला चव्वेचाळीस हजार एकशे नमुने घ्यायचे, कमी नाही, जास्त नाही. डिस्क आतून बाहेर वाचली जाते, म्हणून अगदी आतल्या काठावर गाण्यांची अनुक्रमणिका लिहायची. ती लिहिली की डिस्क बंद झाली. मग ती जगातल्या कुठल्याही सीडी प्लेअरवर वाजते, पण तिच्यात नवं काही भरता येत नाही. नाही लिहिली, तर ज्या मशीनवर भरली तिच्यावरच ती वाजणार. हे मला त्यानंच शिकवलं, आणि त्यानंच माझ्या बहिणीची सीडी वर्षानुवर्षं उघडी ठेवली.

माझी मोठी बहीण पोंभुर्ण्याला असते. तिला सारा गाव बाई म्हणतो, मीही. रोवण्याची, म्हणजे भातलावणीची गाणी तिच्याइतकी कुणाला येत नाहीत. सलीमनं तिला दुकानात बसवलं, शटरला आतून चादरी टांगल्या आणि सकाळी पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, उपटतानाच्या गाण्यापासून एकेक गाणं भरून घेतलं. राहिलं फक्त शेवटचं, दिवस मावळता घराकडे निघतानाचं. त्याचं मधलं कडवं बाईला काही केल्या आठवेना.

"राहू दे ते एक. कर बंद," मी म्हटलं.

"असं कसं, मास्तर? घरी जायचं गाणंच नाई भरलं, तं साऱ्या बाया धानाच्या बांधीतच राह्यतीन ना!"

पुढं बाई अंगणात पडली, खुब्याचं हाड मोडलं, मूलला येणं संपलं. भाच्यानं तिच्यासाठी हौसेनं सीडी प्लेअर आणून फळीवर ठेवला. तिला एवढंच हवं होतं, की आपली गाणी आपल्या घरात ऐकावी. मी सलीमशी भांडलो. मोबाइलवर तरी भरून दे म्हटलं, तर म्हणतो, "त्यात आवाज दाबून बसवते, काही काही फेकून देते. बाईच्या आवाजातलं काय फेकायचं, हे मोबाइलनं ठरवावं काय?" आणि सीडी बंद करायचं म्हटलं की ठरलेलं उत्तर, "जागा हाय ना अजून. आठवन तिले." शिकवून शिकवून मला शहाणं केलं, आणि स्वतः असा वागला!

चाळिसाव्या दिवसाच्या विधीनंतर त्याच्या मुलानं ती मशीन आतल्या सीडीसकट माझ्या हवाली केली, सलीमच्या चौकडीच्या रुमालात गुंडाळलेली. एसटीत मांडीवर घेऊन मी ती पोंभुर्ण्याला नेली. बाईच्या खाटेजवळ लावली. बाई डोळे मिटून सगळी गाणी ऐकत राहिली, मध्येच हसली. भरलेलं शेवटचं गाणं संपलं आणि ती आपणहून घरी जायचं गाणं म्हणू लागली. मी घाईनं मशीनला माइक लावला आणि भरून घेऊ लागलो. त्याच कडव्याशी अडखळली... थांबली, ते सोडून पुढचं म्हणून मोकळी झाली. मला हायसं वाटलं. बाया निघाल्या एकदाच्या घरी.

"आता बंद करतो, बाई. मंग तुह्या प्लेअरवर कधीबी वाजन."

"काऊन? जागा नाई काय त्यात?"

"आहे थोडी."

"मंग राहू दे. सलीमनं माह्यासाठी ठेवली ते. कडवं आठवन मले."

मी कपाळावर हात मारून घेतला. एक गेला, तर दुसरी तयार! मी ओरडलोच, "अवो बाई, हे मशीन म्हातारं झालं. याचा ड्रॉवर अडकते. उद्या मोडला तं सारं गेलं!"

"मंग हळू लाव ना," बाई म्हणाली.

सलीमला दोन शिव्या हासडल्या. मग बोटाच्या टोकानं, अगदी हळू, मी तो ड्रॉवर आत सरकवला आणि मशीनवर त्याचा रुमाल पांघरला.