तीन हाका

तालिलोतु बाई हजेरी घेताना प्रत्येक नाव तीनदा पुकारायच्या. तिसरी हाक वाया गेल्याशिवाय कुणाला गैरहजर लावायचं नाही, हा त्यांचा सव्वीस वर्षांचा नेम. आठवीतल्या लांगीनं या नेमाचं सोनं केलं होतं. दुसऱ्या हाकेला ती मान खाली घालून वर्गातल्या इओसेफोच्या घोगऱ्या आवाजात "हजर, बाई" म्हणायची, आणि इओसेफो तेव्हा खाली खडकांवर गळ टाकून बसलेला असायचा.

"लांगे, तुझ्या इओसेफोला आज सर्दी झालीय का गं?" बाई एवढंच विचारायच्या.

पूर्वी यादीच्या शेवटी एक नाव जास्तीचं असायचं. बाईंच्या लेकीचा पोरगा, पेनिआमिना, तीन वर्षांचा, बाईंपाशीच वाढणारा, वर्गाच्या दाराशी चटईवर बसून आपल्या पाळीची वाट बघायचा. त्याला तीन हाका कधी लागल्याच नाहीत. "पेनि" एवढं ऐकलं की तो "हजर" ओरडून मोकळा. गोवराची साथ आली. लस न टोचलेल्या घरांनी दारात लाल फडकं बांधावं, असा हुकूम निघाला, तोवर तो गेलाही होता. तिथल्या रीतीप्रमाणे बाईंच्या घरासमोरच, आजोबांच्या थडग्याला लागून, त्याचं छोटं थडगं बांधलं. निळ्या टाइल्सचं.

अडीच वर्षांनी लेकीला, इलिंगानोआला, पुन्हा मुलगा झाला. ती सासरी होती, सावाई बेटावर. तिनं दवाखान्यातूनच फोन केला.

"आई, पेनिआमिना ठेवते."

"नको."

आठवड्यानं पुन्हा फोन. "आपल्यात ठेवतातच की गं गेलेल्याचं नाव. मला नाही का तू आत्याचं ठेवलंस?"

"तुझी आत्या म्हातारी होऊन गेली. मी त्याच्या नावानं हाक मारायची आणि दुसरंच कुणीतरी रांगत यायचं? मला जमायचं नाही."

शनिवारी तिसऱ्यांदा. "उद्या बाप्तिस्मा आहे. सासरे म्हणतायत, त्यांच्या वडिलांचं नाव द्या. शेवटचं विचारते, आई."

"देऊ देत त्यांना त्यांचं."

पोराचं नाव आपेलू पडलं. बाईंनी आहेराच्या चटया पाठवल्या, जेवणावळीला डुक्कर पाठवलं, स्वतः गेल्या नाहीत.

त्यानंतर पाचेक महिन्यांनी आठवीला १९१८ सालचा पाठ आला. ऑकलंडहून आगबोट आली, तिच्यातून ताप उतरला, फार माणसं मेली. पुस्तकात दोन ओळी. बाईंनी त्याला दोन आठवडे काढले.

हेडमास्तर लाफाएले चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "परीक्षेत दोन मार्कांना येतं, बाई. मार्कामागं आठवडा का?"

"त्या दोन ओळींत आपल्या गावची चौऱ्याऐंशी माणसं कोंबलीत, सर. जरा वारा लागू दे त्यांना."

चर्चच्या कपाटात तेव्हाची मृत्यूची वही होती. पाद्रीबाबा साधं बोलतानाही प्रवचनाच्या चालीत बोलायचे. "बाई, ती वही... शंभर वर्षं... वाळवीपासून... वाचली. आता... पोरांपासून... वाचेल का?" शेवटी अटीवर दिली: हात धुतलेले हवेत आणि हाताला खोबरेल नको.

बाईंनी फळ्यावर तीन प्रश्न लिहिले. कुणी लिहिलं? कशासाठी लिहिलं? काय लिहायचं राहिलं? मग चार-चार पोरांना वहीपाशी बोलावलं.

"बाई, इथून अक्षर बदललंय," लांगी म्हणाली. "आधी कसं रुबाबात, वळणदार. आणि हे बघा, कोंबडी नाचल्यासारखं."

"का बदललं असेल?"

"पहिल्याला कंटाळा आला असेल."

"खालचं नाव वाच."

लांगीनं वाचलं. कोंबडीच्या पायांतलं पहिलं नाव तेव्हाच्या पाद्रीचं होतं, म्हणजे त्या रुबाबदार अक्षरवाल्याचंच. शेजारी लिहिलं होतं, *पुढचं त्यांची बायको लिहीत आहे.* लांगीनं धुतलेले हात पुन्हा झग्याला पुसले.

पाठाच्या शेवटच्या दिवशी बाईंनी वहीतली सगळी नावं मोठ्यानं वाचायला घेतली. त्यांच्या मनात काही नव्हतं. यादी समोर आली की आवाज आपोआप हजेरीचा लागतो, एवढंच.

"इओसेफो."

"हजर, बाई," इओसेफो तिसऱ्या बाकावरून म्हणाला. तो त्या दिवशी खरंच आला होता. वर्ग फिसकन हसला.

"फुआतिनो."

"हजर." हेही सवयीनंच. या वेळी कमी जण हसले.

"सिआओसी." त्यालाही ओ आली. "लांगी."

"हजर, बाई." लांगीचा स्वतःचा आवाज इतका बारीक असतो, हे वर्गाला तेव्हा कळलं.

त्या साथीनंतर जी जी पोरं जन्मली, त्यांना घरोघरी गेलेल्यांची नावं दिली होती. त्यांच्याकडून नातवंडांना, पतवंडांना. वहीतली माणसं मातीत होती, आणि त्यांची नावं बाकांवर बसून ओ देत होती. मग कुणीच हसलं नाही.

"मालाकी. वय तीन."

कुणी बोललं नाही. वरच्या ओळींत त्याच दिवशी गेलेली त्याची आई होती, बाप होता, दोन बहिणी होत्या. घरात नाव द्यायलाच कुणी उरलं नव्हतं.

"मालाकी," बाई म्हणाल्या. त्यांची नजर वहीवर नव्हती, दाराशी होती.

"मालाकी."

लांगीनं हात वर केला. "बाई, त्याच्यासाठी मी म्हणू का?"

"नाही गं. ज्याचं त्यानंच म्हणायचं असतं."

तास संपायच्या आधीच बाई बाहेर पडल्या. असं सव्वीस वर्षांत झालं नव्हतं. फणसाखाली उभ्या राहून त्यांनी सावाईला फोन लावला.

"इलिंगानोआ, नाव बदलता येतं का गं?"

पलीकडे बाळाचं तोंडानं बुडबुडे काढणं ऐकू आलं.

"तीनदा विचारलं होतं, आई, तुला," लेक म्हणाली. चिडून नाही. लांबचा रस्ता चालून आल्यासारखी. "आता आपेलू म्हटलं की तो वळून बघतो."