एका वायरीवरचे दोघे

प्रयोगशाळेत त्याला सगळे नन्ना म्हणायचे. खरं नाव पगारपत्रकावर होतं, आणि बायकोच्या तोंडी क्वचित, तेही ती रागावली तरच. कुठलाही नवा रूटर टेबलावर आला की याचा नन्नाचा पाढा सुरू. हे चालत नाही, ते टिकत नाही, परत न्या. लोकांनी महिनोन्महिने घाम गाळून केलेलं काम हा दुपारच्या चहाच्या आत मोडून दाखवायचा, आणि वर चेहरा असा करायचा की मोडल्याचं दुःख जणू त्यालाच जास्त. तसं ते व्हायचंही थोडं. पण पगार मोडण्याचाच होता.

त्याच्याकडे काम होतं मल्टिकास्टचं. एकच चित्र एका जागेहून निघतं आणि ज्यांनी मागितलं त्यांच्याकडेच पोचतं. वाटेत जिथे फाटा फुटेल तिथे रूटर त्याची प्रत काढतो. टीव्हीचा डबा सांगतो, हे चॅनेल हवं. बदललं की सांगतो, आता नको. रूटरने दोन्ही ऐकायचं आणि तसं वागायचं. आता हे तपासायला हजारो माणसं कुठून आणायची? म्हणून खोटे प्रेक्षक तयार करणारं एक यंत्र होतं. नन्ना सकाळी आला की पाच हजार प्रेक्षक बसवायचा, सगळ्यांना एकदम एकच चॅनेल मागायला लावायचा आणि एकदम उठवायचा. "घरी एक लेक आहे, ती ऐकत नाही. इथे पाच हजार जण मुकाट ऐकतात," असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा.

त्या वर्षी एका नव्या रूटरचा मल्टिकास्टचा प्रोग्रॅम लिहायला आला तो त्याचा सख्खा मेव्हणा, बायकोचा धाकटा भाऊ. आधीची नोकरी गेल्यावर पोरगा वर्षभर यांच्याच हॉलमधल्या सोफ्यावर होता. सुरुवातीला तो हसायचा, मग गप्प झाला, मग जेवायलाही बोलवावं लागू लागलं. बायको स्वयंपाकघरात डोळे पुसायची आणि कांदा चिरत नसतानाही कांद्यावर ढकलायची. शेवटी नन्नाने मॅडमपाशी, म्हणजे विभागप्रमुखांपाशी, शब्द टाकला. उभ्या आयुष्यात त्याने कुणासाठी टाकलेला तो पहिलाच शब्द. मेव्हण्याला काम मिळालं, पण कच्चं. पक्कं व्हायचं ते हा रूटर ग्राहकाच्या पसंतीला उतरल्यावर.

पोरगा हुशार होता, यात वाद नाही. जुन्या रूटरमध्ये चॅनेल बदलताना चित्र अडखळायचं. कारण एकाने 'नको' म्हटलं की रूटर आधी विचारायचा, अजून कुणी पाहतंय का? उत्तराची वाट पाहायचा आणि मगच चित्र तोडायचा. मेव्हण्याने तो प्रश्नच काढून टाकला. 'नको' आलं की तोडलं, संपलं. बटण दाबताच चॅनेल बदलू लागलं. मॅडमनी चारचौघांत त्याची पाठ थोपटली. बायकोने त्या आठवड्यात दोनदा गोड केलं.

नन्नाच्या पाच हजार प्रेक्षकांनीही तक्रार केली नाही. सगळं हिरवं. 'पास' लिहायला त्याने हात उचलला, आणि ग्राहक कोण आहे हे त्याला आठवलं. ग्राहक होतं एक रुग्णालय. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर तो स्वतः अशाच एका रुग्णालयात पडून होता. खोलीत दोन खाटा, प्रत्येक खाटेसमोर टीव्हीचा एक पडदा, आणि भिंतीतून आलेली वायर मात्र एकच. शेजारचे गृहस्थ लवकर टीव्ही बंद करून झोपायचे, नन्ना पुढे पाहत बसायचा.

त्याचे खोटे प्रेक्षक सगळे एकटे राहणारे होते. प्रत्येकाला स्वतंत्र वायर. खोलीत दुसरं कुणी नाहीच.

त्याने भांडारातून दोन खरे पडदे आणले, एका वायरीवर जोडले आणि दोन्हींवर एकच चॅनेल लावलं. मत्स्यालयातले मासे पोहू लागले. मग एक पडदा बंद केला. दुसराही काळा झाला. दोनेक मिनिटं तसाच राहिला आणि आपोआप परत आला. नन्नाने पुन्हा करून पाहिलं. पुन्हा तेच.

त्याने मेव्हण्याला बोलावून दाखवलं.

"पण येतंय ना परत!" मेव्हणा म्हणाला. "रूटर मधून मधून सगळ्यांना विचारतोच, तो प्रश्न वेगळा, तो मी ठेवलाय. दोन मिनिटांचा तर प्रश्न आहे."

"आजारी माणसाला दोन मिनिटं काळ्या पडद्याकडे बघायला लावणार?"

"भाऊजी, शुक्रवारी ग्राहक येतोय. आत्ता पास लिहा. पुढच्या आठवड्यात मी दुरुस्त करून देतो. कोणाला कळणारही नाही."

"मला कळलंय ना."

"तुम्हीच मला इथे आणलंत," मेव्हणा हळू आवाजात म्हणाला. "आणि तुम्हीच घालवणार का?"

खोटं कशाला सांगा, पास लिहावं असं नन्नाला वाटलं होतं. सोफ्यावरचा तो पोरगा त्याच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हता. पण हात काही केल्या चालेना. त्याने 'नापास' लिहिलं आणि कारणही लिहिलं.

ग्राहकाची भेट पुढे गेली. मेव्हण्याचं पक्कं होणंही पुढे गेलं. घरी बायकोने ताट वाढलं ते आदळूनच.

"जगात इतके रूटर आहेत," ती म्हणाली. "तुला माझ्याच भावाचा मोडायला सापडला?"

"मोडलेलाच होता गं. मी फक्त बघितलं."

"मग नव्हतं बघायचं!"

त्यानंतर घरात अबोला आणि प्रयोगशाळेतही अबोला. मेव्हणा समोरून आला की मोबाइलमध्ये डोकं घालायचा. नन्ना जिन्यावरून वळून लिफ्टने जायचा. बायको बोलायची, पण फक्त दुधाचं आणि गॅसचं.

काही आठवड्यांनी नवी आवृत्ती टेबलावर आली. आता खोलीत कोण कोण पाहतंय हे रूटर लक्षात ठेवणार होता, आणि शेवटचा उठल्यावरच चित्र तोडणार होता. नन्नाने चाचण्या लावल्या. कामाला लागल्यापासून पहिल्यांदाच त्याला मनापासून वाटत होतं, काही सापडू नये. एकाला उठवलं, दुसऱ्याचं चित्र तसंच. चॅनेलं भराभर बदलली, तरीही ठीक. प्रत्येक वायरीवर दोन-दोन, तीन-तीन प्रेक्षक बसवले. हिरवं. त्याने 'पास' लिहून टाकलं आणि खुर्चीत मागे रेलला. जीव भांड्यात पडला होता.

दुपारी मेव्हणा दारात येऊन उभा राहिला. नन्नाला वाटलं, आभार मानायला आला असेल. नाहीतर टोमणा मारायला.

"भाऊजी, एक विचारू? नीट तपासलंत ना? माझं आहे म्हणून सोडून नाही ना दिलंत?"

नन्नाला राग आला. इतकी वर्षं मोडण्यात घालवलेल्या माणसाला हे कोण विचारतंय! उत्तर अगदी जिभेवर आलं होतं. पण मग त्याने मान खाली घातली.

"एक राहिलंय," तो म्हणाला. "टीव्ही बंद करणारा 'नको' म्हणून जातो. पण कुणी आपल्या पडद्याची वायरच उपटली तर काहीच न सांगता जातो. तीन-चार मिनिटांनी रूटरला उमगतं की हा गेला. तेव्हा तो त्याचं एकट्याचंच नाव खोडतो की दोघांचं, ते मी पाहिलं नाही."

"का?"

"धीर झाला नाही रे."

मेव्हणा आत आला. वाकून त्याने त्या दोन पडद्यांपैकी एकाची वायर स्वतःच्या हाताने उपटली आणि शेजारची खुर्ची ओढून बसला. दोघं दुसऱ्या पडद्याकडे पाहू लागले. बाहेर कुणीतरी नन्नाला हाक मारली, त्याने ओ दिली नाही. तीन मिनिटं गेली, चार गेली, पाच गेली. मासे पोहतच होते.

"लिहा आता," मेव्हणा म्हणाला.

नन्नाने आधीचं 'पास' पुसलं आणि कीबोर्ड मेव्हण्यापुढे सरकवला.

"तूच लिही."