डाव्या भुवईतली फट

थेरगावात डांगे चौकाच्या मागच्या गल्लीत माझं स्क्रीन प्रिंटिंगचं दुकान आहे. मंडळांचे, कंपन्यांचे, क्रिकेटच्या संघांचे टी-शर्ट छापतो. धाकटा भाऊ चाकणला कंपनीत होता. सकाळच्या शिफ्टला जाताना त्याच्या मोटरसायकलला ट्रकने उडवलं. रस्त्यावर पालथा पडलेला सापडला. दोन महिनेही झाले नव्हते, तेव्हा त्याचे मित्र दुकानात आले. त्याच्या नावाने क्रिकेटचे सामने भरवायचे होते, चषक आईच्या हातून द्यायचा होता आणि चाळीस टी-शर्ट हवे होते. पाठीवर त्याचा फोटो.

"भाऊ, तुम्हाला जड जाईल. दुसरीकडे टाकतो," एक जण म्हणाला.

"दुसरीकडे कशाला? माझे हात मोडलेत का?" मी खेकसलो.

खरं तर मला जडबिड काहीच जात नव्हतं. भाऊ गेल्यापासून मी रडलोच नव्हतो. स्मशानात नाही, दहाव्याला नाही. जेवत होतो, दुकान उघडत होतो, गिऱ्हाइकांशी हुज्जत घालत होतो. नातेवाईक म्हणायचे, थोरला खंबीर आहे. खंबीर कसला, दगड झालो होतो.

फोटोचे ठिपके पाडून ट्रेसिंग पेपरवर काळी प्रिंट काढली. भावाच्या डाव्या भुवईत एक फट होती, तिथे केस उगवायचे नाहीत. लहानपणी माझी विटी लागली होती. तो एवढा बापई झाला तरी आई रविवारी त्याच्या डोक्याला तेल लावताना एक बोट त्या फटीवरूनही फिरवायची आणि माझ्याकडे बघायची.

आमच्या धंद्यातला पहिला धडा असा, की उजेडाने घट्ट होणारा मसाला लावून सुकवलेल्या जाळीच्या फ्रेमवर कागद पालथा घालायचा, वर काच ठेवायची आणि मग उजेड द्यायचा. सुलट ठेवला तर कापडावर डाव्याचं उजवं होतं. हा धडा मी कितीकांना शिव्या घालून शिकवलाय. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. त्या दिवशी मी कागद सुलट ठेवला. अक्षरं असती तर लगेच कळलं असतं, पण नाव लाल रंगात होतं, त्याची फ्रेम वेगळी होती आणि ती बरोबर झाली.

पहिला शर्ट दोरीवर टाकला तेव्हा दिसलं. फट उजव्या भुवईत आली होती. थोडा वेळ बघत राहिलो. काहीच वाटलं नाही. दुसरी फ्रेम करायची, एवढंच तर काम होतं. मी दुसरा शर्ट फळीवर चढवला आणि रबरी पट्टीने शाई ओढली. मग तिसरा. असे चाळीस छापले.

मैदानावर कुणाच्या लक्षात आलं नाही. "राव, हुबेहूब!" असंच सगळे म्हणाले. आईला दिसू नये एवढंच मला वाटत होतं. तिने एका खेळाडूला जवळ बोलावून पाठ वळवायला लावली आणि भुवईवर बोट ठेवलं. मग चषक दिला आणि घरी आली.

दुसऱ्या दिवशी ती दुकानात आली. एरवी कधी येत नाही.

"डाव्या भुवईला व्हती ना रे?"

"हो."

"मग?"

"चुकलं माझं."

रागावली असती तर बरं झालं असतं. "मला एक नीट करून दे," म्हणाली आणि स्टुलावर बसली.

मी मसाला लावलेली फ्रेम घेतली, तोच कागद उचलला आणि हात अधांतरी राहिला. कागदातून भाऊ माझ्याकडे बघत होता. त्याला तोंडावर पाडून वरून काच दाबायची, हे माझ्याच्याने होईना. त्या दिवशीही हात इथेच अडला असणार, मला फक्त कळलं नव्हतं.

"आई, त्याला पालथा घालावा लागतो."

ती स्टुलावरून उठून जवळ आली.

"मग घाल की," ती म्हणाली. "ल्हानपणी पालथाच झोपायचा त्यो. उताणा केला की रडायचा."

मी कागद पालथा घातला, काच ठेवली, ट्यूब लावली. आणि तिथेच, आईसमोर, ओक्साबोक्शी रडलो.