धार काढायला शिकलेल्या बाई

लकव्यानं वडिलांचा उजवा हात लुळा पडला, तेव्हा एक बाई कसबा बावड्यातल्या आमच्या घरी येऊ लागल्या. असे हात पुन्हा कसे चालतील, यावर त्यांचं संशोधन होतं. वडील मात्र व्यायामाचा चेंडू हातातही धरेनात.

बाईंनी विचारलं, "काका, या हातानं आजवर काय केलंत?"

"म्हशीची धार काढली की!"

"मग मला शिकवा."

ओढणी कमरेला बांधून बाई गोठ्यात बसल्या. रोज सकाळी त्या चुकायच्या आणि वडिलांची बोलणी हसत खायच्या. तिसऱ्या आठवड्यात वडील भडकले, "अंगठा तसा न्हाय ओ, असा!" आणि बोलता बोलता त्यांनी लुळा अंगठा आत दुमडला.

त्यांना स्वतःला ते कळलंच नाही. बाईंनी दुधाची चरवी खाली ठेवली. डोळे पुसत त्या म्हणाल्या, "काका, नीट दिसलं नाही. परत दाखवा."