धाकट्या जावेचा कॅमेरा

धाकट्या जावेने घरात कॅमेरा लावला तेव्हा मला आधी राग आला, आणि त्यातला धोका नंतर दिसला. खरं ते सुरुवातीलाच सांगून टाकते.

आमची दोन घरं, मधे एकच अंगण. गणपती मात्र तिच्याकडे बसतो, कारण मूळ घर दिराच्या वाट्याला आलं. बोटीवर नोकरीला असलेला माझा मुलगा घर बघायचा ते तिच्या कॅमेऱ्यातून. वायफायवर चालणारा, मान वळवणारा, आवाज पोचवणारा कॅमेरा. "काकी, आज काय रांधलंय?" अशी हाक यायची, की ही हातातलं काम टाकून त्याच्यासमोर बसायची. माझ्या फोनवर तो रविवारी यायचा, तोही घाईत. त्याचं हसणं मला अंगणापलीकडून ऐकू यायचं आणि जीव नुसता जळायचा.

मी तुयेला एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये कॉम्प्युटरवर बसते. मागे कुणीतरी बाहेरून शिरून आमचे सगळे कॉम्प्युटर बंद पाडले होते. तेव्हा आलेल्या इंजिनिअरने आम्हाला समोर बसवून सांगितलं, की इंटरनेटला जोडलेली वस्तू म्हणजे रस्त्यावर उघडणारं दार. कुलूप चांगलं असलं तरी प्रोग्रॅममध्ये भोकं राहतातच. कंपनी ती बुजवत राहिली तर ठीक, आणि स्वस्तातल्या वस्तूंची सहसा कुणी बुजवत नाही.

जावेच्या कॅमेऱ्याला तर धड कुलूपही नव्हतं. आमच्या पेडणे तालुक्यात होडी असो, रिक्षा असो की दुकान, नवीन आलं की आधी देवीचं नाव. बसवणाऱ्याने पासवर्ड विचारल्यावर हिने हात जोडून तेच नाव सांगितलं, आणि आकडे हवेत म्हणाला म्हणून पुढे एक-दोन-तीन.

"अगो, तो बदल," मी म्हटलं. "अर्ध्या पेडण्याचो पासवर्ड तोच आसतलो."

"देवीचां नाव आसा, वयनी. ताका कोण हात लावतलो?" मग तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "तुज्या पोटात दुखता, दुसरां काय नाय."

दीर गालातल्या गालात हसले. धोका खरा होता आणि पोटात दुखत होतं तेही खरं होतं.

चतुर्थीच्या आदल्या दुपारी आम्ही सगळी गणपतीवरची माटोळी बांधत होतो. जाऊ स्टुलावर उभी राहून सुपाऱ्यांचे घड आणि रानफळं लाकडी चौकटीला बांधत होती, मी खालून देत होते. एवढ्यात कॅमेऱ्याची मान तिच्याकडे वळली.

"आयलो माझो पूत!" ती म्हणाली.

माझो पूत! माझ्या हातातला घड तसाच राहिला.

कॅमेऱ्यातून हसणं आलं, पण ते माझ्या मुलाचं नव्हतं. कुणी पुरुष कुठल्याशा परक्या भाषेत काहीतरी बोलला आणि पुन्हा हसला. जाऊ घाबरून खाली उतरली, कोपऱ्यात गेली, तशी ती मान तिच्यामागोमाग फिरली. दिरांनी धावत जाऊन वायर ओढली. तिने माझा हात घट्ट धरला, आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

संध्याकाळी मुलाचा फोन माझ्याकडे आला. रविवार नव्हता. "आई, घर दिसत नाही, काय झालं?" मी सगळं तिखटमीठ लावून सांगितलं. तो म्हणाला, "काकी फार घाबरली नाही ना?"

डोळ्यांत पाणीच आलं माझ्या. "आपल्या पडवीत मी लावते कॅमेरा," मी म्हटलं.

"अगं, तूच सांगायचीस ना, असल्या वस्तूंचा भरवसा नाही?"

"सांगायचे. अजूनही सांगते."

चतुर्थी सरल्यावर लावला. पासवर्ड असा लांबलचक ठेवलाय की मलाच आठवून आठवून घालावा लागतो. तरी ह्यालाही भोकं असणार, हे मला पक्कं ठाऊक आहे. कामावरून आले की भाजी निवडायला मी त्याच्यासमोरच बसते. पलीकडून कुणी परका बघत असला तर बघू दे. माझ्या मुलाने हाक मारली आणि मी तिथे नसले, तर तो पुन्हा काकीला शोधेल.