न धुतलेली मेथी

अमरावतीच्या भाजीबाजारात पार्बताबाईची मेथी सगळ्यांत स्वच्छ असायची. गिऱ्हाइकं कौतुक करायची, पण त्या स्वच्छतेमागे भीती होती. पाल्यावर विष राहील आणि कुणाचं तरी लेकरू दगावेल! नवरा, शालिकराम, मेथीवर औषध फवारतच नव्हता. तरी बोटं गारठेपर्यंत ती जुड्या धूत राहायची. "झाली साफ, आता पुरे कर," असं तो म्हणाला की घटकाभर बरं वाटायचं. मग पुन्हा बादली.

अकोल्याच्या समुपदेशकानं तिला त्या विचाराशी वाद घालायला शिकवलं. पुरावा काय, शक्यता किती? पार्बताबाई भांडणात पक्की, पण विचार तिच्याहून भांडखोर निघाला. अमरावतीच्या डॉक्टरीणबाईंनी वादच बंद केला. मेथी न धुता विकायची, भीती वाटू द्यायची, बादलीला शिवायचं नाही. शालिकरामनंही धीर द्यायचा नाही; धीर दिला की धुणं वाढतं.

आज माती लागलेल्या जुड्या मांडून ती बसली खरी, पण हात शिवशिवत होते, जीव थाऱ्यावर नव्हता. ती नवऱ्यावर खेकसली, "काहून गप बसले जी? सांगा ना, काई होत नाई मनून!"

तो कोथिंबीर बांधत राहिला.

तेवढ्यात कडेवर लेकरू घेतलेल्या एका बाईनं जुडी उचलली. "मावशी, माती लागून हाये. पोराले काई होनार नाई ना?"

पार्बताबाईचा हात बादलीकडे गेला. तिनं तो मांडीखाली दाबून धरला.

"घरी नेऊन धुजो, माय," ती म्हणाली. "पन एकदाच धुजो."